धुण्याचे यंत्र अडते तेव्हा

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले, की धुण्याचे गणित बदलते. एरवी दोन दिवसांआड फिरणारे वॉशिंग मशीन अशा घरात दिवसातून दोनदा फिरते. चादरी, ड्रॉशीट, गाउन, टॉवेल, अभ्रे यांची सकाळची रास संध्याकाळपर्यंत वाळली नाही, तर रात्री बदलायला कोरडे कापड उरत नाही. आणि सतत पडून राहिल्याने नाजूक झालेल्या त्वचेला ओलसर चादरीवर काढलेली एक रात्रही महागात पडू शकते. नेमक्या अशाच दिवशी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, मशीन अर्ध्यावर थांबते. ड्रममध्ये पाणी, पाण्यात चादरी, दार कुलूपबंद आणि फोनवर दुरुस्तीचा माणूस सांगतो, "परवा येतो."

अशा वेळी घरातील ज्येष्ठ मंडळी बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. काहीजण ओल्या चादरी बादलीत काढून हाताने पिळायला बसतात आणि पुढचे आठ दिवस कंबर धरून वावरतात. काहीजण स्क्रूड्रायव्हर शोधून मशीनची पाठ उघडायला घेतात. दोन्ही वाटा टाळण्याजोग्या आहेत. घरगुती मशीनच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ यंत्राच्या पोटात नसते, त्याच्या भोवती असते: नळात, पाइपात, जाळीत, सॉकेटमध्ये किंवा आत भरलेल्या कपड्यांतच. ते शोधण्यासाठी एकही स्क्रू सैल करावा लागत नाही. म्हणून एक साधी मर्यादा मनाशी ठरवून घ्या. स्क्रूच्या अलीकडचे सारे तुम्ही पाहायचे. पलीकडचे सारे कारागिराने.

आधी विजेचा विचार

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा: मशीनच्या पत्र्याला हात लागल्यावर कधी झिणझिण्या आल्या आहेत का? "थोडासा करंट मारते, पण चालते" असे म्हणून वर्षानुवर्षे वापरली जाणारी मशीन अनेक घरांत आहेत. ही सवय धोक्याची आहे. अनेक मशीनमध्ये विजेतील अडथळे गाळणारा एक लहान भाग असतो आणि त्यातून अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेत जात असतो. अर्थिंग तुटलेले असेल, तर त्याला वाट उरत नाही आणि 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब पत्र्यावर येतो. त्या झिणझिण्या म्हणजे तोच. मात्र कारण याहून गंभीरही असू शकते. हीटर आतून फुटलेला असतो, मोटरच्या तारेचे आवरण झिजलेले असते किंवा तळाच्या मोकळ्या जागेतून शिरलेल्या उंदराने तारा कुरतडलेल्या असतात. बाहेरून हा फरक ओळखता येत नाही. म्हणून झिणझिण्या जाणवल्या, की मशीनला पुन्हा हात न लावता एमसीबी बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याखेरीज ते सुरू करायचे नाही.

पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर सुमारे 2000 वॉटचा असतो. त्याला 16 अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर असे मशीन चालवू नये. धुणे संपल्यावर प्लग हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेटची छिद्रे काळवंडली असतील, तर सॉकेट बदलण्याची वेळ झालेली आहे.

घराच्या मुख्य बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर वीज पाण्याच्या किंवा शरीराच्या वाटेने जमिनीत जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण मधूनमधून दाबून पाहावे. मात्र त्यासरशी घरातली वीज जाते. रुग्णाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर पर्यायी सोय केल्याशिवाय हे बटण दाबू नका. मशीन लावताच आरसीसीबी पुन्हापुन्हा पडत असेल, तर तो वर करत राहणे हा उपाय नव्हे. तो दोष दाखवतो आहे. आणि कोणाला विजेचा धक्का बसून हात चिकटलाच, तर त्या व्यक्तीला स्पर्श करू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

कोणत्या कामावर अडले?

कपडे धुणे म्हणजे मशीनच्या दृष्टीने चार कामे: पाणी घेणे, घुसळणे, पाणी सोडणे आणि पिळणे. यांपैकी कोणत्या कामावर ते अडले हे शांतपणे पाहिले, तर निम्मे निदान झालेच. पडद्यावरील अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक वेगळा असतो. तो मशीनसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत पाहावा. पण अडण्याची जागा ओळखायला पुस्तिकाही लागत नाही.

मशीन मुळीच सुरू होत नसेल, तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. वीज येत असेल, तर दार किंवा झाकण पूर्ण बसले आहे का ते पाहा. दाराच्या फटीत अडकलेले पायजम्याचे नाडीचे टोकसुद्धा मशीन थांबवून ठेवते. त्यानंतर 'चाइल्ड लॉक' लागला आहे का पाहा. नातवंडांकडून किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीकडून बटणे दाबली गेली, की हा लॉक लागतो आणि मशीन बिघडल्याचा समज होतो. कधी 'उशिरा सुरू करा' ही सोय नकळत निवडलेली असते आणि मशीन निमूटपणे आपल्या वेळेची वाट पाहत असते.

पाणी येत नसेल, तर आधी मशीनचा नळ उघडा आहे का ते बघा. घरकामाला येणाऱ्या बाईंनी फरशी पुसताना तो बंद केलेला असणे अगदी शक्य आहे. पाइपाला पीळ पडला आहे का, हेही पाहा. दोन्ही ठीक असेल, तर संशय जाळीवर घ्यावा. पाइप जेथे मशीनला जोडलेला असतो, तेथे आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाणी आले किंवा इमारतीची टाकी नुकतीच धुतली, की त्या जाळीत गाळ बसतो. प्लग काढा, नळ बंद करा, पाइपाची चाकी हाताने फिरवून सोडवा आणि जाळी चिमट्याने बाहेर ओढून जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. पुन्हा बसवताना आतील रबरी वायसर जागेवर आहे याची खात्री करा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार थोडी निराळी असते. तेथे जाळी स्वच्छ असूनही मशीन पाणी नीट घेत नाही. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे साधारण 0.1 बार दाब मिळतो. पुस्तिकेत किमान दाब 0.3 बार लिहिला असेल, तर टाकीतील पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर तरी उंच हवी. थेट गच्चीखालच्या घराला ती मिळत नाही. ही मशीनची खोड नव्हे. टाकी भरलेली असताना धुणे लावणे किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे हा त्यावरचा इलाज.

याच्या उलट, मशीन पाणी घेतच राहते आणि भरत मात्र नाही, असेही होते. पंपाने पाणी बाहेर फेकणाऱ्या, विशेषतः समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये सांडपाण्याच्या पाइपाचे टोक जमिनीवर टाकलेले असले, तर घेतलेले पाणी आपोआप वाहून जाते. तो पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, बहुधा कमरेच्या आसपास, अडकवायचा असतो. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा नियम नेमका उलटा आहे: त्यातील पाणी उताराने जाते, म्हणून पाइप खालीच ठेवायचा. तो न्हाणीच्या उंबऱ्यावरून वर चढवलेला असेल, तर पाणी टबातच तुंबते.

पाणी जात नाही, पिळले जात नाही

समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी अडले, तर पुढच्या बाजूला खाली असलेल्या छोट्या झडपेमागचे फिल्टर तपासायचे. हे काम घरी करता येते. मात्र घाई करू नका. प्लग काढा. धुणे गरम पाण्याचे असेल, तर ते निवेपर्यंत थांबा, कारण फिल्टर उघडताच तेच पाणी हातावर येते. वाकून उभे राहण्यापेक्षा बुटक्या स्टुलावर बसा. पसरट परात आणि जुना टॉवेल खाली ठेवा. शेजारी लहान नळी असेल, तर आधी तिच्यातून पाणी काढा. मग फिल्टरची चकती सावकाश फिरवा. आत नाणी, बटणे, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, गोळ्यांच्या पाकिटांचे धारदार तुकडे सापडतात, म्हणून हातमोजा घाला. फिल्टर धुऊन पुन्हा घट्ट बसवा. सैल राहिले, तर पुढच्या वेळी पाणी खोलीभर होते. सांडलेले पाणी तत्काळ पुसा. ज्येष्ठांच्या घरात ओली फरशी हा मशीनच्या बिघाडाहून मोठा धोका आहे.

फिल्टरमध्ये काही जाऊच नये म्हणून मशीन लावण्यापूर्वी खिसे तपासण्याची सवय लावून घ्या. वृद्धांच्या सदऱ्याच्या खिशात श्रवणयंत्र असते, उशीच्या अभ्र्यात दातांची कवळी सापडते. त्यांची भरपाई कोणत्याही दुरुस्तीहून महाग पडते.

पाणी गेले पण पिळणे झाले नाही, तर बहुतेक वेळा दोष तोलाचा असतो. एकटी जाड गोधडी किंवा एकच मोठी चादर ओली होऊन ड्रमच्या एका बाजूला गोळा होते. मशीन दोनतीनदा ती सारखी करण्याचा प्रयत्न करते आणि शेवटी पिळणे सोडून देते. दार उघडल्यावर चादर मोकळी करा, जोडीला दोनतीन टॉवेल घाला आणि फक्त पिळण्याचा टप्पा पुन्हा लावा. दार उघडत नसेल, तर दोनतीन मिनिटे थांबा. त्याचे कुलूप सुटायला वेळ लागतो. आत पाणी असेपर्यंत ते सुटतही नाही. हिसका देऊन दाराची मूठ तोडू नका.

रुग्णाच्या गादीवर घालायचे मेणकापड किंवा रबरी शीट मशीनमध्ये कधीही घालू नका. त्यातून पाणी आरपार जात नाही. पिळताना त्याच्या घडीत पाण्याचा फुगा साचतो, वेग वाढताच तो एकदम सुटतो आणि तोल जाऊन मशीन जागेवरून उडी मारल्यासारखे हादरते. ड्रम निखळण्यापर्यंत नुकसान होऊ शकते. मेणकापड साबणाच्या पाण्याने पुसून, धुऊन, सावलीत वाळवावे.

फेस हेही पिळणे अडण्याचे एक कारण आहे. हाताने धुण्याची पावडर समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये घातली, तर फेसाने ड्रम भरतो, पंपाला पाणी ओढता येत नाही आणि पिळणे थांबते. शिवाय साबणाचा अंश कपड्यात राहून म्हाताऱ्या, कोरड्या त्वचेला खाज सुटते. मशीनसाठीचीच पावडर, सांगितलेल्या मापात वापरा. चादरीला हात लावल्यावर बुळबुळीत वाटले, तर एकदा नुसत्या पाण्याने खंगाळा.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा पिळण्याचा टब फिरत नसेल, तर कपड्यांवर ठेवायची जाळीदार चकती नीट बसली आहे का आणि वरचे झाकण पूर्ण लागले आहे का, हे पाहा. झाकण उघडल्यावर टब काही क्षणांत थांबायला हवा. तो फिरतच राहत असेल, तर ब्रेक निकामी झाला आहे. दुरुस्तीपर्यंत तो टब वापरू नका. फिरत्या टबात घातलेल्या हाताला कापड गुंडाळले जाऊन हाड मोडू शकते. मोटर नुसती गुणगुणते पण काहीच फिरत नाही, असे झाले तर लगेच बंद करा. मोजा आत अडकलेला असेल किंवा कपॅसिटर निकामी झाला असेल. पण तसेच चालू ठेवले, तर मोटर जळते. येथे मशीन उघडण्याचा मोह विशेष टाळावा, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो.

गळती आणि हादरे

पाणी गळते तेव्हा 'कोठून' यापेक्षा 'केव्हा' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. पाणी भरताना गळते, तर नळाच्या जोडातील वायसर पाहा. धुताना पुढून गळते, तर दाराच्या रबरी कडेत केस, धागे किंवा कापड अडकले आहे का पाहा आणि ती कड पुसून घ्या. पाणी सोडताना गळते, तर सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणीची तुंबलेली जाळी दोषी असते. यांपैकी काहीच नसेल आणि मशीनच्या तळातून थेंब पडत असतील, तर ते काम कारागिराचे.

मशीन चालत पुढे येत असेल, तर ते बंद असताना त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हाताने दाब द्या. डुगडुगले, तर पाय समतल नाहीत. पाणसळ ठेवून पाय फिरवून उंची जुळवता येते. हे काम तरुण हाताकडून करून घ्यावे. घर बदलल्यानंतर लगेच हादरे सुरू झाले असतील, तर समोरून उघडणाऱ्या मशीनच्या पाठीमागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का, हे विचारा.

वास आणि रुग्णाचे कपडे

धुतलेल्या चादरीला कुबट वास येत असेल, तर दाराच्या रबरी कडेच्या घडीत बोट फिरवून पाहा. काळपट, बुळबुळीत थर लागला, तर ती बुरशी आहे. धुणे झाल्यावर कड कोरडी पुसावी, दार आणि पावडरचा कप्पा काही वेळ उघडा ठेवावा आणि महिन्यातून एकदा रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवावे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर बसतो. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेली पावडर वापरावी. मात्र क्षार काढणारे आम्ल, मग ते व्हिनेगर असो वा सायट्रिक ॲसिड, आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि दमा असलेल्या माणसाला बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

मलमूत्राने खराब झालेल्या चादरीवरील घट्ट भाग हातमोजे घालून आधी संडासात टाकावा; मग ती चादर इतर कपड्यांपासून वेगळी, कापडाला चालत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवावी. हीटर चालतो आहे का, हे पाहायचे असेल, तर गरम धुणे सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने दाराच्या काचेला हाताची मागची बाजू हलकेच टेकवा. काच थंडगार असेल, तर पाणी तापत नाही आणि इतके दिवस 'गरम धुलाई' केवळ नावापुरती होत होती.

कारागिराला बोलावताना

एवढे करूनही मशीन अडलेले राहिले, तर संकोच न करता कारागीर बोलवा. आता तुम्ही त्याला नेमकी तक्रार सांगू शकता. "बंद पडले" यापेक्षा "पाणी घेते, धुते, पण सोडत नाही, फिल्टर साफ केले आहे" हे वाक्य त्याला योग्य सुटा भाग सोबत आणायला मदत करते. मॉडेल क्रमांक मशीनवरील पट्टीवर असतो, तो सांगा. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक पुस्तिकेतून किंवा वॉरंटी कार्डवरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या खोट्या क्रमांकांवरून वृद्धांची फसवणूक होते. फोनवर ओटीपी किंवा कार्डाचा तपशील मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवा. कारागीर आला, की खर्चाचा अंदाज आधी विचारा, बदललेला जुना भाग मागून घ्या, पावती घ्या. दाद मिळाली नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्या दोनतीन दिवसांसाठी रुग्णाच्या चादरींची व्यवस्था मात्र आधीच केलेली हवी. तीन दिवसांना पुरतील इतक्या जुन्या सुती चादरी आणि ड्रॉशीट वेगळ्या पिशवीत ठेवून द्या. जवळच्या लॉन्ड्रीचा आणि अडीनडीला मशीन वापरू देणाऱ्या शेजाऱ्यांचा क्रमांक त्याच कागदावर लिहा, ज्यावर मॉडेल क्रमांक आणि इलेक्ट्रिशियनचा क्रमांक आहे. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मशीन सुरळीत चालू आहे, अशा एखाद्या मोकळ्या दुपारी फिल्टर कुठे आहे, जाळी कुठे आहे आणि एमसीबी कोणता, हे घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही दाखवून ठेवा. मशीन अडेल त्या दिवशी तुम्ही रुग्णाजवळ असाल आणि ते काम त्याला करावे लागेल.